भैरूचं पोट



आजचा विषय जेवताना घेण्यासारखा नाही. ज्यांच्यासमोर ताट आहे त्यांनी हा भाग तासाभराने उघडावा. आज कुत्र्याच्या शीबद्दल बोलायचं आहे, आणि तेही मोकळेपणाने. ज्यांच्या घरातल्या कुत्र्याचं पोट सतत बिघडलेलं असतं ती माणसं याविषयी कुणाशी बोलत नाहीत. पहाटे चारला उठून फरशी पुसतात, उदबत्ती लावतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "काही नाही हो, जरा पोट बिघडलंय." हे 'जरा' आमच्याकडे सात महिने चाललं.

मी नोएडात अरुण विहारात राहतो. फौजेतून निवृत्त झालेल्यांची ही वसाहत, त्यामुळे दर तिसऱ्या घरात कुत्रा आणि प्रत्येक घरात कुत्र्यांविषयी ठाम मत. आमचा भैरू जर्मन शेफर्ड. नाव आईने ठेवलं. भैरवनाथाचं वाहन कुत्रा, म्हणून भैरू. तीन वर्षांचा होईपर्यंत त्याने दगड सोडून सगळं पचवलं. मग एका पावसाळ्यात पातळ शी सुरू झाली आणि ती काही थांबेना. ३४ किलोचा कुत्रा २६ किलोवर आला. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता यायचे. फिरायला नेलं की लोक माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की हा माणूस पेन्शन वाचवतोय.

त्या सात महिन्यांत आम्ही काय केलं नाही? कोरडं खाणं चार प्रकारचं बदललं. दहीभात दिला. इसबगोल दिलं. जंताचं औषध तीनदा झालं. जुलाब थांबवायची अँटिबायोटिकची गोळी पाच वेळा झाली. गोळी सुरू असताना शी बांधून यायची, बंद केली की आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. शेजारच्या ब्रिगेडियर साहेबांनी बेलाचा मुरंबा सुचवला, तोही दिला. अंधारात खुट्ट झालं की नवखा जवान दिसेल तिकडे गोळ्या झाडतो, तसं आमचं चाललं होतं. गोळ्या संपतात आणि झुडपात नक्की कोण होतं ते शेवटपर्यंत कळत नाही.

एका दवाखान्यात मला सौम्य आवाजात सांगितलं गेलं, की याला आता झोपवलेलंच बरं. मी घरी आलो आणि कुणाला काही बोललो नाही. भैरू तेव्हा पायाशी बसून माझा बूट चाटत होता. चामड्याचा होता तो, म्हणजे त्याच्या दृष्टीने तेही खाणंच.

पुढचे डॉक्टर वेगळे निघाले. त्यांनी भैरूला तपासण्याआधी मला एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, "सर, काल सकाळपासून याच्या पोटात काय काय गेलं ते लिहा. तुम्ही दिलेलं नको. पोटात गेलेलं लिहा." मी तीन ओळी लिहिल्या आणि अडकलो. तो कागद भरायला घरी येऊन दोन दिवस चौकशी करावी लागली. त्या चौकशीत काय निघालं ते पुढे सांगतो. आधी त्या डॉक्टरांनी मला शी बघायला शिकवलं, ते ऐका.

जुलाब म्हणजे जुलाब, त्यात काय बघायचं, असं मलाही वाटत होतं. पण दुखणं लहान आतड्यात आहे की मोठ्या, हे बऱ्याचदा घरीच कळतं. दिवसातून दोन-तीनदाच होते, पण दर वेळी ढीगभर, आणि कुत्रा वाळत चाललाय, तर दुखणं बहुधा लहान आतड्यातलं. अन्न पचतं आणि अंगी लागतं ते तिथेच. उलट दिवसातून सात-आठदा धावपळ, दर वेळी थोडीशीच, कुंथणं, आव पडणं, कधी लाल रक्ताचा थेंब, आणि वजन मात्र फारसं उतरलेलं नाही, तर मोठं आतडं सुजलेलं. लाल रक्त म्हणजे ते बाहेरच्या टोकाजवळून आलं. डांबरासारखी काळी चिकट शी असेल तर रक्त वरच्या बाजूला सांडलंय आणि वाटेत पचलंय, आणि ते जास्त गंभीर. शी फिकट, तुपकट, प्रचंड आणि कुत्र्याला राक्षसासारखी भूक असेल तर स्वादुपिंडाकडे बघायचं. आमच्या भैरूचा प्रकार मिश्र होता, वजनही उतरत होतं आणि आवही पडत होती.

उलटीचंही तसंच. पोट आत ओढून, उमासे काढून बाहेर येते ती उलटी. काहीही जोर न लावता, मान खाली केली आणि खाल्लेला घास नळीच्या आकारात तसाच बाहेर पडला, तर ते अन्ननलिकेचं दुखणं. त्याचा रस्ताच निराळा. डॉक्टरांना शब्दांत सांगता येत नसेल तर मोबाइलवर चित्रण करून न्या. ओशाळू नका, त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलेलं असतं.

डॉक्टर मंडळी शीला १ ते ७ असे गुण देतात. १ म्हणजे कडक गोळ्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी, २ ही आदर्श स्थिती. उचलली तर आकार राहावा आणि जमिनीवर फारसा डाग राहू नये. मी एक वही घातली. तारीख, वेळ, गुण, काय खाल्लं, आव आहे-नाही, आणि दर रविवारी वजन. वजन कसं करायचं? आधी आपण काट्यावर उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. कंबर सांभाळून. माझ्या पत्नीने वहीवर 'युद्ध दैनंदिनी' असं लिहिलं. चेष्टा होती, पण पुढे सगळा निकाल त्या वहीनेच लावला.

तीन आठवड्यांच्या वर चाललेला त्रास जुनाट धरतात. अशा वेळी तपासण्यांना एक क्रम असतो, आणि तो पाळला की पैसेही वाचतात. पहिल्यांदा शी तपासायची, ताजी आणि वेगवेगळ्या दिवशीची, कारण जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी एका नमुन्यात सापडेलच असं नाही. पावसाळ्यात साचलेलं पाणी चाटणाऱ्या कुत्र्यांत तो हमखास शोधावा. मग रक्त. दिल्लीच्या आसपास गोचीड भरपूर, त्यामुळे गोचीडतापाची तपासणी. यकृत, मूत्रपिंड आणि रक्तातलं अल्ब्युमिन. हे अल्ब्युमिन घसरलेलं असलं तर आतड्यातून प्रथिनं गळताहेत असा अर्थ निघू शकतो, मग घरगुती प्रयोगात दिवस घालवायचे नाहीत. ॲडिसनचा रोग म्हणून एक बहुरूपी आहे. अधिवृक्क ग्रंथी थकतात आणि कुत्रा अधूनमधून उलट्या-जुलाब करून बरा होतो, पुन्हा पडतो. तो वर्षानुवर्षं 'नाजूक पोट' या नावाखाली लपून राहतो आणि एक दिवस अचानक जिवावर बेततं. रक्तातल्या कॉर्टिसोलवरून त्याची शंका फिटते.

जर्मन शेफर्डच्या मालकांनी स्वादुपिंडाची गोष्ट लक्षात ठेवावी. या जातीत पाचक रस बनवणाऱ्या पेशी हळूहळू झिजून जायचा आजार आनुवंशिक कलाने येतो. जवळजवळ सगळी ग्रंथी गेल्यावर मग लक्षणं दिसतात. कुत्रा भरपूर खातो आणि उपाशी मरतो. स्वतःची शीसुद्धा खातो, कारण तिच्यात न पचलेलं अन्नच असतं. उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताची टीएलआय नावाची तपासणी हे नक्की सांगते, आणि उपचार म्हणजे जन्मभर प्रत्येक जेवणात पाचक रसाची पूड. ते निदान झालं तर हातपाय गाळायचं कारण नाही, असे कुत्रे चांगले जगतात. भैरूची टीएलआय ठीक आली. ब१२ जीवनसत्त्व मात्र कमी निघालं. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तो भाग आजारी असला की ब१२ उतरतं, आणि ब१२ उतरलं की आतडं भरून यायला वेळ लागतो. हे चक्र तोडायला दर आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं झाली. इंजेक्शन स्वस्त आहे आणि विचारल्याशिवाय बऱ्याचदा राहून जातं. तेवढं विचारा.

पाच वेळा दिलेल्या त्या अँटिबायोटिकबद्दल डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत, पण त्यांनी हिशेब समजावला. आतड्यात अब्जावधी जंतू नांदतात आणि त्यातले बहुतेक आपले पगारी कामगार असतात. गोळी त्यांनाही मारते. साधे जुलाब बहुतेक कुत्र्यांत गोळीविना काही दिवसांत थांबतात, आणि जुनाट दुखण्यात गोळीने मिळणारा आराम गोळीबरोबरच जातो. म्हणून आता जाणकार पशुवैद्य आधी आहार बदलतात, अँटिबायोटिकचा नंबर बराच मागे लावतात, आणि आहाराने भागलं नाही तर एंडोस्कोपीने आतड्याचा तुकडा तपासून स्टेरॉइडकडे वळतात. जुनाट जुलाबाच्या कुत्र्यांतले निम्म्याहून अधिक नुसत्या आहारावर सुधारतात. हे ऐकून मी म्हणालो, "पण आहार तर आम्ही चारदा बदलला!" त्यावर डॉक्टरांनी माझा तो कागद पुढे ओढला.

आता कागदात काय निघालं ते सांगतो.

मी सकाळ-संध्याकाळ कोरडं खाणं देत होतो, हे एक. पत्नी त्यावर उकडलेल्या चिकनचं पाणी घालत होती, नाहीतर तो खात नाही म्हणून. स्वयंपाकाच्या बाई पोळीचा पहिला आणि शेवटचा तुकडा देत. गेटवरचे गार्डभैया रात्रीच्या फेरीत ग्लुकोजची बिस्किटं देत, दोन किंवा चार. शेजारचा मुलगा शाळेच्या डब्यातलं पनीर. आणि माझी आई, वय ८७, दुपारी सगळे झोपले की दूधपोळी कुस्करून, वर साजूक तूप घालून, पितळेच्या वाटीत. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी? छे!" आणि वाटी पदराखाली केली.

चार प्रकारचं कोरडं खाणं आम्ही बदललं खरं, पण पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं नव्हतं. पुढे 'लॅम्ब' लिहिलेलं, मागे चिकन मील आणि चिकनची चरबी. दुसऱ्यात 'सॅल्मन', मागे पुन्हा चिकन. चारही पाकिटांत चिकन होतंच. म्हणजे सात महिन्यांत आम्ही एकदाही काही बदललं नव्हतं. पाकिटाचा रंग तेवढा बदलला होता.

अन्न सोसत नाही म्हणजे काय? आतड्याची संरक्षणव्यवस्था एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते आणि रोज त्याच्याशी झगडते. ते प्रथिन बहुधा रोजच्या खाण्यातलंच असतं. गोमांस, दूध, चिकन, गहू ही कुत्र्यांतली नेहमीची नावं, आणि आपल्याकडच्या कुत्र्याच्या वाट्याला त्यातली तीन रोज येतात. रक्ताची ॲलर्जी तपासणी यात भरवशाची नाही, तिच्यावर पैसे घालवू नका. खरी तपासणी एकच. कुत्र्याने जन्मात न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट घ्यायचं, आणि त्याशिवाय काही म्हणजे काहीही द्यायचं नाही. नाहीतर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं असं खाणं मिळतं ज्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्याला ओळखत नाही. ते चांगलं असतं, महागही असतं. पोटाच्या तक्रारीला बहुधा दोन आठवड्यांत फरक दिसतो. खाजेची तक्रार असेल तर आठ आठवडे धीर धरावा लागतो.

भैरूने मासा कधी खाल्ला नव्हता. आम्ही देशस्थ असल्याने घरात मासळीचा प्रश्न नव्हता आणि चिकनसुद्धा फक्त कुत्र्याच्या नावाने यायचं. तर ठरलं बिनकाट्याचा बासा मासा उकडून आणि रताळं उकडून. मीठ नाही, हळद नाही, तेल नाही. दिवसाचे चार भाग. जुन्यातून नव्यात एका दिवसात उडी मारायची नाही. पाव, अर्धा, पाऊण असं आठवड्याभरात सरकवायचं. आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी सांगतो, ३० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला सुमारे ९०० किलोकॅलरी लागतात, आणि नसबंदी झालेल्या, साधारण हिंडत्याफिरत्या कुत्र्याला त्याच्या दीडपटीहून थोडं जास्त. मी काट्यावर मोजून 'स्केल' ठरवलं, फौजेत राशनचं असतं तसं.

इथे एक खाचखळगा सांगतो, ज्यात आम्ही पडलो. अकराव्या दिवशी शी २ गुणांवर आली, घरात पेढे वाटायचेच बाकी होते. तेराव्या दिवशी पुन्हा ६. वही उघडली. खाणं तेच, चार भाग तेच. मग समासात माझ्याच अक्षरात दिसलं: 'गोचिडीची गोळी दिली.' ती चघळायची गोळी कुत्र्यांना आवडावी म्हणून मांसाच्या चवीची करतात. गोळ्या, टॉनिकं, चघळायची हाडं, दात घासायची पेस्ट, सगळं त्या 'काहीही'मध्ये येतं. बिनचवीचा पर्याय डॉक्टरांना मागावा.

पण गोळीपेक्षा अवघड मोर्चा घरात होता.

मी आईशी चुकीच्या आवाजात बोललो. ज्या आवाजात चाळीस वर्षांपूर्वी नव्या लेफ्टनंटला झापायचो तो. "तुझ्या दूधपोळीने कुत्रा मरतोय, कळतंय का तुला?" असं काहीतरी म्हणालो. ती काही बोलली नाही. त्या रात्री जेवायला खोलीबाहेर आली नाही. पत्नीने ताट नेलं तेव्हा म्हणाली, "मुक्या जनावराला उपाशी ठेवून तुम्ही जेवा. मला नको."

तिच्या बाजूनेही बघायला हवं. आमच्या घरी लहानपणी नामदेवांची गोष्ट तीच सांगायची. कुत्रं भाकरी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नकोस. त्या गोष्टीवर वाढलेल्या बाईला मी सांगत होतो की तूप देणं चूक आहे. इकडे दिल्लीकडे म्हण उलटी, कुत्ते को घी हज़म नहीं होता. माणसाला हिणवायला वापरतात ती, पण पशुवैद्याला विचाराल तर ती बरीचशी खरी आहे. एकदम जड चरबी पोटात गेली तर काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं, वाकून वाकून उलट्या होतात आणि सलाईनवर ठेवावं लागतं. दिवाळीच्या फराळानंतर आणि लग्नसराईत दवाखान्यांत ही गर्दी असते. दुधाचं म्हणाल तर पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवणारा रस त्याच्या पोटात कमी होत जातो. शिवाय दुधातल्या प्रथिनाची भानगड वेगळीच. पण हे सगळं मी तिला नीट सांगितलंच नव्हतं.

दुसरं असं, की ८७ वर्षांच्या बाईला त्या घरात करायला काय उरलं होतं? स्वयंपाक बाई करते, भाजी मोबाइलवरून येते, नातवंडं बंगळूर आणि टोरांटोला. दुपारी तीन वाजता तिची वाट बघत दाराशी बसणारं एकच माणूस होतं, आणि ते कुत्रं होतं.

तोडगा पत्नीने काढला. चारातला दुपारचा भाग आईकडे. वजन केलेला डबा फ्रीजमध्ये, त्यावर मराठीत चिठ्ठी. आईने तो कोमट करायचा, त्याच पितळेच्या वाटीत घालायचा आणि हाताने भरवायचा. माशाला ती हात लावणार नव्हती, म्हणून तिच्या भागात नुसतं रताळं, आणि मासा इतर तीन भागांत वाटून. गार्डभैयांनाही उकडलेल्या रताळ्याच्या फोडींची डबी दिली. "साहब, मीठा आलू है," असं सांगून त्यांनी पहिल्याच रात्री एक फोड स्वतः चाखली. मुलाच्या पनीरचा विषय त्याच्या आईकडे सोपवला.

काश्मीरमध्ये असताना आमच्या बटालियनबरोबर श्वानपथकाची जोडी असायची, एक कुत्रा आणि त्याचा हँडलर. आम्ही अधिकारी असलो तरी त्या कुत्र्याला बिस्किट द्यायची मुभा आम्हाला नव्हती. हँडलर अदबीने पण ठामपणे म्हणायचा, "साहब, मत दीजिए।" तेव्हा मला वाटायचं की विषबाधेच्या भीतीने असेल. ते कारण आहेच. पण एकाच हाताने खाऊ घातलं की त्या हाताला कळतं, आज याने दोन घास कमी का खाल्ले. फौजेचे कुत्रे मेरठच्या आरव्हीसी केंद्रात तयार होतात. रिमाउंट आणि व्हेटरनरी कोअर १७७९ पासूनची, आणि कुत्र्यांचं प्रशिक्षण तिथे १९६० पासून. माझ्या घरापासून मेरठ दीड-दोन तासांवर आहे, आणि तिथला नियम घरी आणायला मला सात महिने लागले.

मेरठवरून आठवलं. मुधोळच्या कुत्र्यांबद्दल मला फार विचारतात. मुधोळ आज कर्नाटकात, पण संस्थान घोरपड्यांचं, आणि आपल्याकडे त्या जातीला कारवानी म्हणतात. २०१६ मध्ये फौजेने ती पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. प्रश्न असा असतो, की देशी कुत्रा भाकरीवर जगतो, मग तुमच्या शेफर्डचे एवढे लाड कशाला? यात अर्धं तथ्य आहे. कुत्रा लांडग्यापासून वेगळा झाला तो माणसाच्या उष्ट्यावर जगत जगत. २०१३ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या रसाच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात तर कुत्र्यांत ४ ते ३०. म्हणून भाकरी, भात, रताळं कुत्र्याला पचतं, आणि 'कुत्र्याला फक्त कच्चं मांस द्या' हा हट्ट धरणाऱ्यांनी हे वाचावं. पण पोट बिघडायचं ते देशी कुत्र्याचंही बिघडतं. गावात तो आजारी पडला तर दिसेनासा होतो, एवढाच फरक.

घरचं शिजवलेलं खाणं कायम देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. दोन-तीन महिने चालतं, वर्षभर नुसतं मांस-भात दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, आणि पिल्लाची तर हाडं वाकतात. जस्त, तांबं, आयोडीन यांचाही हिशेब लागतो. पशुवैद्याकडून पूरक मिश्रण लिहून घ्या, अंदाजपंचे नको. शाकाहारी घरांना सांगतो, कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो, मांजर नाही राहू शकत.

आणि काही वेळा वही बाजूला टाकून गाडी काढायची असते. पोट फुगून ताठ झालंय, उमासे येतायत पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा अस्वस्थ फिरतोय, असं असेल तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत हे तासांत जीव घेतं. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला रक्ताचे जुलाब लागले तर पार्वो समजून धावायचं. दर घोटाला उलटी, सुकलेल्या हिरड्या, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसणं, म्हणजे पाणी संपलंय. दिल्लीच्या ४५ अंशांत हे फार लवकर होतं. घरातली माणसांची औषधं देऊ नका. वेदनेच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला भोकं पडतात, आणि जुलाब थांबवणारी आपली गोळी कोलीसारख्या काही जातींच्या मेंदूवर जाते. कांदा, लसूण, द्राक्षं-मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची गोळी-चिक्की, ही नावं फ्रीजवर लावून ठेवा. महाराष्ट्रातल्या मंडळींनी परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने विसरू नयेत. गुंतागुंतीच्या दुखण्याला तिथे एका छपराखाली बरेच विभाग असतात.

भैरूचं पुढे काय झालं? गोळीची चूक सुधारून पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजलं. नवव्या दिवशी गुण ३, चौदाव्या दिवशी २. दहा आठवड्यांत २६ चे ३१ किलो झाले. मग डॉक्टर म्हणाले, "आता जुनं खाणं परत द्या." घरात कुणाचीच तयारी नव्हती. पण ते केल्याशिवाय खरा गुन्हेगार कळत नाही, आणि कुत्रा जन्मभर विनाकारण मासा-रताळ्यावर अडकतो. एका वेळी एकच वस्तू, प्रत्येकीला एक-दोन आठवडे. गहू दिला, काही झालं नाही. चिकन दिलं, तिसऱ्या दिवशी आव. बंद केलं, चार दिवसांत ठीक. दूध दिलं, पातळ. म्हणजे आईची पोळी निर्दोष सुटली. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी सांगतच होते." काय सांगत होती कोण जाणे, पण मी मान डोलावली.

आता तो बहुतेक वेळ मासळीवर आधारलेल्या, चिकनची चरबीसुद्धा नसलेल्या तयार खाण्यावर आहे, ३३ किलो. पाकीट दर वेळी मागून वाचतो, कारण कंपन्या न सांगता घटक बदलतात. दुपारी तीन वाजता आईच्या खोलीत पितळेची वाटी वाजते. त्यात अर्धी पोळी आणि रताळं असतं. तूप नसतं, असं ती सांगते.

गेल्या दिवाळीत पुन्हा दोन दिवस आव पडली. पत्नी घाबरली, मी वही काढली. खाण्यात बदल शून्य, पण दोन्ही रात्री फटाके साडेबारापर्यंत आणि भैरू पलंगाखाली. भीतीनेही मोठं आतडं असं बिघडतं. औषध नाही दिलं. तिसऱ्या दिवशी गुण २. समासात आईने तिच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय, 'आज दोन फोडी जास्त दिल्या, घाबरला होता म्हणून.'